शुक्रवारचे आवाज

भिवंडीत शुक्रवारी लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद असतात. बाकीचे सहा दिवस खटखट इतकी अंगात मुरलेली असते, की शुक्रवारी सकाळी जाग आल्यावर आधी काहीतरी बिघडलंय असंच वाटतं. मग लक्षात येतं, आज शुक्रवार. त्या दिवशी नारपोलीच्या आमच्या गल्लीत पलीकडच्या घरातली कुकरची शिट्टीसुद्धा ऐकू येते, आणि एरवी ओरडून बोलणारी माणसं स्वतःचाच आवाज ऐकून जराशी दचकतात.

हनीफभाईंनी आपलं नाटकातलं सगळं काम या शुक्रवारांवर उभं केलं. दुपारची नमाज झाली की ते घरी येऊन घाईघाईने दोन घास खात, टेपरेकॉर्डरची पिशवी खांद्याला अडकवत आणि स्कूटर काढत. कुठे निघालात असं कुणी विचारलं तर म्हणत, "जरा आवाज घेऊन येतो." कोपऱ्यावरून भाजी घेऊन येतो म्हणावं, तसं.

आमच्या नाटकमंडळींत ते आले ते एका बिघाडामुळे. मी नुकतीच शाळेत शिक्षिका म्हणून लागले होते. गणिताचे म्हात्रेसर संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये नाटकं बसवायचे, त्यात त्यांनी मलाही ओढलं होतं. स्पर्धा जवळ आली होती. तालमीत पावसाचा आवाज हवा होता आणि आमच्या टेपरेकॉर्डरने नेमकी तीच कॅसेट खाल्ली. फीत बाहेर, सगळा गुंताडा. तेव्हा शाळेच्या शिपायाने मागच्या गल्लीतल्या कारखान्यातून एका माणसाला धरून आणलं. "हा लूममधला गुंता काढतो, हापण काढेल," तो म्हणाला.

उंच, किंचित पोक आलेला माणूस. केसांत आणि भुवयांवर कापसाचे तंतू, त्यामुळे तिशीतच म्हातारा दिसणारा. त्याने पेन्सिलीवर फीत हळूहळू गुंडाळली, कॅसेट बसवली, बटण दाबलं. पाऊस सुरू झाला. तो मान तिरकी करून ऐकत राहिला.

"हे काय आहे?" त्याने विचारलं.

"पाऊस," म्हात्रेसर म्हणाले.

"मला वाटलं कुणी भजी तळतंय."

सगळे हसले. म्हात्रेसर सगळ्यांत जास्त हसले, कारण तो पाऊस त्यांनी खरोखरच स्वतःच्या स्वयंपाकघरात, कढईपाशी रेकॉर्ड केला होता. हनीफभाई त्या संध्याकाळी तालीम संपेपर्यंत मागच्या बाकावर बसून राहिले. दुसऱ्या दिवशीही आले. कुणी बोलावलं नव्हतं आणि कुणी जा म्हणालं नाही.

त्यांचे वडील लहानसे लूममालक. चार लूम, एक शेड, आणि हनीफभाई मालकाचा मुलगा असूनही तिथले जॉबर, म्हणजे लूम बिघडला की दुरुस्त करणारे. शाळा सुटल्यापासून त्याच शेडमध्ये. कारखान्यात कान फाटेल असा आवाज असतो, त्यामुळे तिथली माणसं एकमेकांशी ओठांनी आणि हातांनी बोलतात. लांब उभ्या असलेल्या माणसाच्या नुसत्या ओठांवरून चहा हवाय की लूमचा धोटा तुटलाय हे त्यांना कळतं. हनीफभाई आमच्यातही तसेच वागत. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघत. नव्या मुलींना ते विचित्र वाटे. मी समजावून सांगे, "अगं, त्यांची सवय आहे. लूमवाले आहेत ते."

आवाज 'लावणं' हा शब्द त्यांना खपत नसे. "लावतात ती लाईट. आवाज आणायचा असतो. पाहुण्याला कसं, आधी दारात उभं करतात, मग घरात घेतात," ते म्हणत. आणि खरंच, त्यांच्या नाटकात पाऊस कधी सुरू झाला हे प्रेक्षकाला सांगता येत नसे. बसल्या बसल्या त्याला नुसतं ओलसर वाटायला लागे.

एकदा त्यांना बेडकांचा आवाज हवा होता. तेव्हा अंजूरला खाडीलगत शेतं होती. शुक्रवारी संध्याकाळी ते तिथल्या बांधावर मशीन ठेवून बसले, तर एक आगरी म्हातारी विळा घेऊन धावून आली.

"जमीन मोजाला आलास काय रं? आमाला न्हाय इकायची!"

"जमीन नाही आजी. बेडूक."

"बेडूक?"

"त्यांचा आवाज घ्यायला आलोय. नाटकासाठी."

म्हातारीने विळा खाली केला. मग म्हणाली, "घे की. ते काय आमचे एकल्याचे हायत?" आणि तिथेच बसली. बेडूक झाल्यावर तिने विचारलं, माणसाचा आवाज येतो का यात. मग आपली म्हैस घरी बोलवायची हाक तिने मशीनमध्ये दिली, ऐकली, आणि ती स्वतःच आहे यावर तिचा विश्वास बसेना. तिने तीन वेळा वाजवायला लावली. ती हाक हनीफभाईंनी त्या वर्षीच्या नाटकात घातली. संध्याकाळच्या प्रवेशात लांबून ती हाक यायची आणि रंगमंचावर एकटी बसलेली मी दिवा लावायला उठायचे. आता ते शेत नाही. तिथे भराव पडला आणि गोदाम झालं. हनीफभाई म्हणायचे, "जमीन गेली ताई, पण म्हैस आपल्याकडे आहे."

त्या नाटकाला स्पर्धेत पार्श्वसंगीताचं बक्षीस मिळालं. नाव पुकारलं तेव्हा हनीफभाई विंगेत वायरी गुंडाळत होते. आम्ही ढकलत नेलं. त्यांनी एका हातात वायरीचं वेटोळं तसंच धरून दुसऱ्या हाताने बक्षीस घेतलं. पण त्या बक्षिसापेक्षा मोठी गोष्ट नंतर घडली. मुंबईचे एक व्यावसायिक निर्माते प्रेक्षकांत होते. त्यांनी हनीफभाईंना शनिवार-रविवारच्या प्रयोगांना बोलावलं.

तिथून त्यांची दोन आयुष्यं सुरू झाली. सोमवार ते गुरुवार लूम, शुक्रवारी नमाज आणि आवाज, शनिवार-रविवार प्रयोग. त्यांची बायको नसीमभाभी हसतमुख बाई. मी घरी गेले की शिरखुर्मा करून घालायच्या. एकदा त्या माझ्यासमोर नवऱ्याला म्हणाल्या, "शुक्रवार अल्लाचा, शनिवार-रविवार नाटकाचा, बाकी वार लूमचे. आमचा वार कुठला, ते एकदा सांगून टाका." हनीफभाई खाली मान घालून हसले.

वर्ष-दोन वर्षांत निर्मात्यांनी स्पष्टच विचारलं. लूम सोडा, पूर्ण वेळ या. नवीन नाटक येतंय, विदर्भ-मराठवाड्याचा दौरा आहे, तुमच्याशिवाय दुसरा माणूस मला नको. हनीफभाई आनंदाने वेडे झाले होते. तालमीला आले ते पेढे घेऊनच. पण पेढे वाटल्यावर म्हात्रेसरांपाशी बसले आणि म्हणाले, "सर, काय करू?"

म्हात्रेसर हिशोबी माणूस. नाटक त्यांचा जीव, पण शाळेची नोकरी त्यांनी कधी पणाला लावली नव्हती. ते म्हणाले, "हनीफ, नाटक आज चाललं, उद्या पडलं. लूम आहेत, शेड आहे, ते डोळ्यांसमोर आहे. आब्बांचं वय झालंय, मुलं लहान आहेत. दोन्ही कर. लूम सोडू नकोस."

सल्ला चांगला होता. मीही मान डोलावली. त्या काळात भिवंडीत कुणीही हाच सल्ला दिला असता. हनीफभाईंनी निर्मात्यांना कळवलं, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षीही तेच. निर्माते भले होते, त्यांनी शनिवार-रविवार तसेच चालू ठेवले आणि दौऱ्यावर दुसरा माणूस नेला. पण त्यानंतर दर वर्षी त्यांचं विचारणं थोडं मंद होत गेलं, आणि एका वर्षी थांबलं.

हनीफभाईंनी कधी कुरकूर केली नाही. कॅसेटी गेल्या, सीडी आल्या, लॅपटॉप आला. मुलाकडून लॅपटॉप शिकले. आमच्या भिवंडीच्या नाटकाला मात्र ते कायम असत. वयाने आम्ही सगळेच पुढे सरकत होतो. मीही आता आईच्या भूमिकांवर आले होते.

अशाच एका नाटकात माझं वाक्य होतं, "आला वाटतं," आणि त्यावर बाहेर स्कूटर थांबल्याचा आवाज. तालमीत हनीफभाई मला म्हणाले, "ताई, 'आला वाटतं' म्हणताना पदर खांद्यावर घ्या. छान दिसतं."

मला बरं वाटलं. त्यांच्यासारख्या माणसाने अभिनयातलं काही सुचवावं याचं कौतुकही वाटलं. प्रत्येक प्रयोगाला मी वाक्यासरशी पदर ओढून घेई आणि स्कूटर येई. कल्याणच्या प्रयोगाला मात्र थंडी होती, मी आतच शाल पांघरून आले. "आला वाटतं," म्हणाले. काही आलं नाही. मी दाराकडे बघितलं. पुन्हा, जरा मोठ्याने म्हणाले, "आला वाटतं!" शांतता. शेवटी माझ्या मुलाची भूमिका करणारा मुलगा कंटाळून स्कूटरशिवायच आत आला, आणि मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली.

पडदा पडल्यावर मी विंगेत गेले. हनीफभाई लॅपटॉपपाशी बसले होते, चेहरा पांढराफटक.

"काय झालं हो?"

"पदर नाही घेतलात," ते म्हणाले.

मला आधी राग आला. पदराचा आणि स्कूटरचा काय संबंध? मग काहीतरी लक्षात येऊ लागलं. त्यांनी मान खाली घालून वायर काढायला घेतली होती. मी त्यांच्या मागे सरकले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "हनीफभाई."

त्यांनी वळून बघितलं नाही.

नंतर कळलं, असं ते प्रत्येकाकडून काही ना काही करून घेत होते. कुणाला चष्मा काढायला सांगितला होता, कुणाला वर्तमानपत्राची घडी घालायला. सगळ्यांना वाटत होतं, हनीफभाईंची नजर किती बारीक. ते आमचे शब्द ऐकतच नव्हते. ओठ दिसले तर ओठ, नाहीतर पदर. त्यांनी आधीच रेकॉर्ड केलेले आवाज तर त्यांना पाठ होते. कुठला किती हळू, किती मोठा, हे त्यांचे हात सांगत.

मी डॉक्टरांकडे चला म्हणाले. त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. "कुणाला सांगू नका ताई. मुंबईला कळलं तर तेपण जाईल."

मी सांगितलं नाही. फक्त आमच्या नाटकातल्या सगळ्यांना त्यांची खूण नीट द्यायला लावली.

पण मुंबईच्या नाटकात नव्या हिरोला असल्या खुणा मंजूर नव्हत्या. टीव्हीवर गाजलेला नट, रोज वेगळ्या जागी उभा राहायचा, विंगेकडे पाठ करून बोलायचा. ठाण्याच्या एका दुपारच्या प्रयोगाला मी म्हात्रेसरांबरोबर गेले होते. नाटकात वडील मरतात आणि मुलगा त्यांच्या उशाशी बसून काही न बोलता त्यांचे हात पुसतो, असा प्रसंग होता. पूर्ण स्तब्धता हवी. त्याआधीच्या प्रवेशात लग्नाची वरात जाते, तिचा बँड. तो बँड थांबला नाही. लॅपटॉपवर काही अडकलं होतं की चुकून पुन्हा चालू झाला होता, कोण जाणे. हनीफभाई हात मांडीवर ठेवून शांत बसले असणार, कारण त्यांच्या लेखी सगळं स्तब्ध होतं. बाप मेलेला, आणि बँड वाजतोय. आधी कुणी खुदकन हसलं, मग एक रांग हसली, मग सगळं थिएटर. नटाने बसल्या बसल्या विंगेकडे हात केला, डोळे वटारले. बँड वाजतच राहिला. शेवटी व्यवस्थापकाने धावत येऊन वायर उपटली.

मध्यंतरात आम्ही आत गेलो तेव्हा तो नट हनीफभाईंच्या तोंडासमोर उभा राहून बोलत होता. काय बोलला ते लिहिण्यासारखं नाही. म्हात्रेसर मध्ये पडले. हनीफभाई नटाच्या तोंडाकडे नेहमीसारखे टक लावून बघत होते.

परतताना गाडीत हनीफभाई माझ्याकडे वळून म्हणाले, "सगळ्यांना वाटलं, मला ऐकू नाही आलं. मी सगळं वाचलं, ताई. एक लफ्ज नाही सुटला."

डॉक्टरांनी सांगितलं ते भिवंडीत नवं नव्हतं. लूमच्या आवाजाने कानाची आतली नस मेली होती, बरीच वर्षं मरत होती. कानात काही घालून काम करायला हवं होतं, डॉक्टर म्हणाले. मी ते कागदावर लिहून दाखवलं. हनीफभाईंनी वाचलं आणि हसले. "जिंदगीभर कापसात राहिलो. कानात घालायचा तेवढा राहून गेला."

मुलाने कानाचं मशीन आणलं. ते लावल्यावर त्यांना म्हणे भांडी, रिक्षा, माणसं सगळं एकाच पत्र्यावर आपटल्यासारखं ऐकू येई. पंधरवड्यात ते कपाटात गेलं. निर्मात्यांचा माणूस घरी येऊन शाल-श्रीफळ देऊन गेला, म्हणजे पुन्हा येऊ नका.

त्यांच्यापाशी लूम तरी राहिले असते. पण आब्बा गेल्यावर धंदा बसत चालला होता. गल्लीतल्या शेडी एकेक करून बंद पडत होत्या. हनीफभाईंचे चारही लूम भंगारात गेले. ज्या दिवशी टेम्पो आला त्या दिवशी म्हात्रेसर आणि मी त्यांच्या घरी गेलो होतो. बाहेर माणसं लोखंड चढवत होती, मोठमोठे घण बसत होते, आणि आत हनीफभाई शांतपणे चहा पीत होते.

म्हात्रेसर तेव्हा निवृत्त झाले होते. चहाचा कप त्यांनी खाली ठेवला. मग म्हणाले, "हनीफ, तुला तेव्हा लूम सोड म्हणालो असतो तर..."

म्हात्रेसरांच्या मिशा भरघोस, ओठ झाकणाऱ्या. हनीफभाईंनी थोडं पुढे वाकून बघितलं. "काय सर?"

"म्हटलं, मी चुकलो." सर जरा मोठ्याने म्हणाले.

हनीफभाईंना कळलं नाही. ते माझ्याकडे वळले. "काय म्हणतात सर?"

मी सरांकडे बघितलं. असली गोष्ट ओरडून कशी सांगायची? किंवा कागदावर लिहून? त्यांनी हळूच मान हलवली, नको.

"चहा चांगला झालाय म्हणतात," मी म्हणाले.

"नसीमने नाही, मी केलाय," हनीफभाई खूश होऊन म्हणाले आणि सरांच्या कपात आणखी ओतला. सरांनी तो सगळा प्यायला. त्यांना साखर वर्ज्य होती.

पुढच्याच वर्षी म्हात्रेसर गेले. नाटकही तिथेच थांबलं. हनीफभाईंचा मुलगा वडप्याला एका गोदामात सुपरवायझर लागला होता. घरी बसून बसून बाप खंगतोय म्हणून त्याने त्यांनाही तिथे नेलं. अलीकडे ते सगळे महाडला, मुलीकडे राहायला गेल्याचं कळलं. त्यामुळे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते वडप्यालाच.

माझी एक जुनी विद्यार्थिनी तिकडे राहते, तिच्या घरून मी दुपारी रिक्षाने परतत होते. गोदामांच्या रांगेपाशी ट्रक अडकले होते. बघते तर रस्त्याच्या कडेला हनीफभाई. अंगात नारिंगी जाकीट, आणि दोन्ही हात वर करून ते एक लांबलचक कंटेनर मागे घेत होते. डावीकडे, अजून थोडं, बस. ड्रायव्हर आरशात त्यांचे हात बघून गाडी वळवत होता. त्यांच्या पाठीमागे दुसरा एक ट्रक हॉर्न वाजवत पुढे सरकत होता. मी ओरडले. माझा रिक्षावालाही ओरडला, "ओ चाचा! हटो!" ट्रक त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबला. ड्रायव्हरने खिडकीतून शिवी हासडली. हनीफभाईंना बहुधा पायांखालची जमीन हलल्यासारखी वाटली असावी. ते वळले, ट्रक बघितला, कपाळाला हात लावून ड्रायव्हरची माफी मागितली आणि पुन्हा कंटेनरकडे वळले.

मी उतरून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. मला ओळखायला त्यांना एक क्षण लागला.

"ताई! तुम्ही इथे?" आवाज खूप मोठा होता. त्यांना तो कळत नव्हता.

"हे काम करू नका हो," मी ओठ नीट हलवत म्हणाले. "धोका आहे."

"घरी काय करू?" ते म्हणाले. मग त्यांच्या चेहऱ्यावर जुना उत्साह आला. "नवीन काय बसवताय?"

मी काय सांगणार? मी नकारार्थी मान हलवली. सर गेले, आता कोण बसवणार, असं काहीसं म्हणाले. ते माझ्या ओठांकडे बघत होते. वाचून झाल्यावरही बघत राहिले, पुढे आणखी काही वाक्य येईल अशा आशेने.

तेवढ्यात फाटकातून मुलाने हात केला. आणखी गाड्या आल्या होत्या. "थांबा हां ताई, जाऊ नका. एवढी एक आत घेतो, मग चहा घेऊ," ते म्हणाले आणि हात वर करत निघाले.

मी थांबले. एक गाडी आत गेली, लगेच दुसरी लागली. मध्ये त्यांनी एकदा माझ्याकडे बघून बोटांनी 'जरासं' अशी खूण केली. मग एक कंटेनर आमच्या मध्ये आला आणि ते मला दिसेनासे झाले. तो सावकाश, इंच इंच मागे सरत पूर्ण आत गेला तेव्हा हनीफभाई पलीकडच्या गाडीपाशी पोचले होते. माझ्याकडे पाठ होती, हात हवेत होते, आणि ड्रायव्हर त्यांच्याकडेच बघत होता.

"मॅडम, कितना रुकना है?" रिक्षावाल्याने विचारलं.

हाक मारावी असं फार वाटलं. मारली नाही. रिक्षात बसले.